युनियन सोडली तर पेन्शन जाते काय? केनवडच्या एका वाहकाचा प्रश्न आणि एसटी कामगारांचा हिशेब

रिसोड तालुक्यातील केनवडचे एक एसटी वाहक मागच्या आठवड्यात एका लग्नात भेटले. मंगल परिणय आटोपला होता, जेवणं चालू होती. जयभीम झाला आणि त्यांनी थेट मुद्द्यालाच हात घातला. "भाऊ, माही सहा वर्षं राहिली नोकरीची. युनियनचा राजीनामा लिहून खिशात ठेवेल हाय. पन आमचा पुढारी म्हनते, युनियन सोडशीन तं पेन्शनच्या कागदावर सही कोन करीन? पेन्शन अडकली तं मंग?"

त्यांना युनियन का बदलायची आहे हे मी विचारलं नाही. कारणं आपल्याला माहीत असतात. कुणाची बदली अडलेली असते. कुणाला वाटतं की पुढारी फक्त आपल्या जातवाल्यांच्याच ड्युट्या लावून घेतो. कुणाला २०२१ च्या संपात जुन्या पुढाऱ्यांनी वाऱ्यावर सोडलं याचा राग अजून आहे. त्या रागाचा निर्णय ज्याचा त्याने करावा. पण पेन्शनची भीती दाखवून माणसाला बांधून ठेवणे हा वेगळाच प्रकार आहे. त्याला उत्तर द्यायचे तर हिशेब नीट मांडावा लागेल. कारण ही भीती एकट्या केनवडच्या वाहकाची नाही. रिसोड, वाशिम, मंगरूळपीर, कारंजा या चारही आगारांत, आणि खरे तर राज्यातल्या प्रत्येक आगारात ती ऐकायला मिळते.

उत्तर एका वाक्यात देता येते. एसटी कामगाराची पेन्शन युनियन देत नाही, युनियन थांबवू शकत नाही आणि युनियन बदलल्याने तिच्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही.

ही पेन्शन येते कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मधून. लोक तिला ईपीएस ९५ म्हणतात. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती लागू आहे. आपल्या पगारातून १२ टक्के पीएफ कापला जातो आणि तेवढाच वाटा मालकाने, म्हणजे इथे महामंडळाने, भरायचा असतो. मालकाच्या या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात. मात्र हे टक्के पूर्ण पगारावर धरले जात नाहीत. १ सप्टेंबर २०१४ पासून वेतनमर्यादा १५,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये पेन्शन फंडात पडतात. केंद्र सरकार वर १.१६ टक्के घालते. या साखळीत कामगार आहे, महामंडळ आहे, भविष्य निर्वाह निधी संघटना आहे आणि सरकार आहे. युनियन कुठेच नाही.

सहीचा प्रश्नही तसाच. पेन्शनसाठी फॉर्म १०-डी भरायचा असतो. त्यावर सही-शिक्का लागतो तो नोकरी देणाऱ्या कार्यालयाचा. युनियनच्या अध्यक्षाच्या सहीसाठी त्या फॉर्मवर जागाच नाही. पुढारी कामगाराचा फॉर्म भरून देतात, सोबत अकोल्याला येतात, साहेबाला दोन शब्द सांगतात. ती मदत आहे, आणि चांगली मदत आहे. पण मदतीला अधिकार समजण्याची चूक आपण करतो आणि मग त्या मदतीची किंमत म्हणून जन्मभर वर्गणी भरतो.

आता त्या वाहक बंधूंच्या पेन्शनचा हिशेब. सोयीसाठी असे धरू की ते सप्टेंबर २००२ मध्ये नोकरीला लागले आणि ऑगस्ट २०३२ मध्ये त्यांना ५८ वर्षे पूर्ण होतील. सेवा ३० वर्षे. सूत्र साधे आहे : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पण एक खुबी आहे. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेला जुनी ६,५०० रुपयांची मर्यादा लागते आणि त्यानंतरच्या सेवेला १५,००० ची. म्हणून पहिल्या १२ वर्षांचे १,११४ रुपये आणि नंतरच्या १८ वर्षांचे ३,८५७ रुपये. वीस वर्षांपेक्षा जास्त सेवा झाली की दोन वर्षे वाढीव धरतात, त्याचे सुमारे ४२९. एकूण ५,४०० रुपये महिना. त्यावर महागाई भत्ता नाही. २०३२ मध्ये ५,४०० रुपये, २०४२ मध्येही ५,४०० रुपये. ते गेले तर पत्नीला याच्या निम्मे.

तीस वर्षे केनवड ते अकोला, अकोला ते पुणे अशी तिकिटे फाडून हाती हे येणार. म्हणून खरा प्रश्न 'पेन्शन जाईल का' हा नाहीच. एवढीशीच पेन्शन का, हा खरा प्रश्न आहे. आणि युनियन बदलायची की नाही हे ठरवताना तोच प्रश्न जुन्या आणि नव्या, दोन्ही पुढाऱ्यांना विचारायला हवा.

मग युनियन बदलताना काहीच धोका नाही असे म्हणायचे का? नाही. धोका आहे, पण पुढारी दाखवतात त्या दिशेला तो नाही. तो कुठे आहे हे समजायला २०२१ चा संप पुन्हा आठवावा लागेल.

ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी एसटी संघटनांच्या कृती समितीने आंदोलन पुकारले आणि महागाई भत्त्यासारख्या काही मागण्या मान्य होताच ते मागे घेतले. पण कामगारांनी ते मागे घेतले नाही. आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या, पगार वेळेवर होत नव्हता, आणि 'विलीनीकरण' या एका शब्दाभोवती आगारामागून आगार बंद पडत गेले. जुन्या मान्यताप्राप्त संघटनेचे पुढारी बाजूला पडले. नेतृत्व वकील गुणरत्न सदावर्ते यांच्याकडे गेले. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले आणि साडेपाच महिन्यांचा संप संपला. विलीनीकरण झाले नाही. पुढे सदावर्ते यांनी 'एसटी कष्टकरी जनसंघ' ही संघटना उभी केली आणि हजारो कामगारांनी खरोखरच युनियन बदलली. महाराष्ट्रात गेल्या कित्येक वर्षांत इतक्या मोठ्या संख्येने कामगारांनी झेंडा बदलल्याचे दुसरे उदाहरण सांगता येणार नाही.

या बदलाने कुणाची ईपीएस पेन्शन गेली? कुणाचीच नाही. पण साडेपाच महिन्यांच्या संपाने काय झाले ते पाहा. काम नाही तर दाम नाही. दाम नाही तर पीएफचे अंशदान नाही आणि पेन्शन फंडातही भरणा नाही. ज्या दिवसांचा भरणा नाही ते दिवस सेवेच्या हिशेबात बिनअंशदानाचे म्हणून वेगळे निघतात. पेन्शनच्या हिशेबात सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात आणि त्याहून कमी असेल तर सोडून देतात. म्हणजे एखाद्याची सेवा २९ वर्षे ८ महिने भरत असेल तर ती ३० धरली जाते. त्यातून संपाचे पाच महिने गेले की ती २९ वर ३ महिने होते, आणि वरचे ३ महिने सुटतात. एका वर्षाची किंमत १५,००० भागिले ७०, म्हणजे महिना २१४ रुपये, जन्मभर. आकडा लहान दिसतो. ५,४०० मधून २१४ जातात तेव्हा तो लहान राहत नाही.

हे मी संपाच्या विरोधात सांगत नाही. बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला तो याच मुद्द्यावर, की संपाचा हक्क काढून घेतला तर कामगार गुलाम होतो. संप करावाच लागतो तेव्हा करावा. पण संपावर नेणाऱ्या पुढाऱ्याने कामगाराला आधीच सांगायला हवे की बिनपगारी दिवसांचा पेन्शनवर काय परिणाम होतो, आणि तडजोड होताना ते दिवस सेवेत धरून घेण्याची अट लावायला हवी. ज्या युनियनने ही अट कधी टेबलावर मांडलीच नाही, ती जुनी असो की नवी, तिला हा जाब विचारलाच पाहिजे.

ग्रॅच्युईटीचे मात्र वेगळे आहे. १९७२ च्या कायद्यात सलग सेवेची व्याख्या कामगाराच्या बाजूने लिहिलेली होती. संपाने सेवा आपोआप तुटत नाही. पण बडतर्फी झाली, किंवा स्थायी आदेशांनुसार गैरहजेरी हा सेवाखंड ठरवल्याचा लेखी आदेश निघाला, तर गोष्ट बदलते. म्हणून संपानंतर कामावर परत घेतलेल्या प्रत्येकाने आपल्या सेवापुस्तकात त्या महिन्यांबाबत काय शेरा मारला आहे हे पाहून घ्यायला हवे होते. कितींनी पाहिले?

इथे विलीनीकरणाच्या स्वप्नाबद्दलही एक कडू गोष्ट सांगतो. संपात अनेक तरुण वाहक-चालकांना वाटत होते की एसटी सरकारात विलीन झाली की आपल्याला सरकारी पेन्शन मिळणार. पण राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर लागलेल्या आपल्याच कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली होती. त्यांच्यासाठी अंशदायी योजना होती, पुढे एनपीएस. मार्च २०२३ मध्ये राज्यभरातले शिक्षक, आरोग्य कर्मचारी, महसूल कर्मचारी जुन्या पेन्शनसाठीच सात दिवस संपावर होते. जे सरकारी माणसालाच मिळत नव्हते ते विलीन झालेल्या एसटीवाल्याला कसे मिळणार होते? सभांमध्ये हे कुणी सांगितले नाही. जुन्यांनीही नाही, नव्यांनीही नाही.

आता दुसरा धोका, जो पेन्शनपेक्षाही जवळचा आहे : पीएफ. एसटी महामंडळाचा पीएफ स्वतःच्या न्यासात जमा होतो. पेन्शनचा हिस्सा मात्र थेट भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे जातो. हा फरक लक्षात ठेवा. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे तिच्यात आले, आणि थकलेल्या देण्यांमध्ये कर्मचाऱ्यांच्या पीएफ व ग्रॅच्युईटीच्या रकमाही होत्या. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा ज्या न्यासात पडायला हवा तिथे वेळेवर पडत नसेल, तर मुलीच्या लग्नासाठी मागितलेला ॲडव्हान्स महिनोन्महिने रखडतो, हे वेगळे सांगायला नको.

अशा न्यासाच्या विश्वस्त मंडळावर मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी असतात, आणि कामगारांचे प्रतिनिधी कोण हे ठरताना मान्यताप्राप्त युनियनचे वजन चालते. युनियन आणि म्हातारपणाचा पैसा यांचा खरा संबंध इथे येतो. सहीशी किंवा फॉर्मशी युनियनचे काही देणेघेणे नाही. पण न्यासावर बसलेला आपला माणूस बैठकीत थकबाकीचा आकडा विचारतो का, आणि विचारल्यावर तो आगाराच्या फलकावर लावतो का, याच्याशी आहे. नव्या युनियनचा सभासद होण्याआधी तिच्या पुढाऱ्याला एवढेच विचारा : न्यासात आमचे किती थकले आहेत? उत्तरादाखल भाषण सुरू झाले तर काय समजायचे ते समजा.

तिसरी जागा बँक. जून २०२३ मध्ये एसटी कामगारांच्या स्टेट ट्रान्सपोर्ट को-ऑपरेटिव्ह बँकेची निवडणूक झाली. सदावर्ते यांच्या पॅनेलने सर्वच्या सर्व १९ जागा जिंकल्या. कामगारांनी संपाचा राग मतपेटीतून काढला आणि तो त्यांचा हक्क होता. पण बँक म्हणजे युनियन नव्हे. तिथे आपल्या ठेवी असतात, कर्जे असतात. पुढे कर्जाच्या व्याजदराच्या निर्णयावरून वाद झाले आणि ठेवीदार ठेवी काढून घेत असल्याच्या बातम्या आल्या. कोण बरोबर, कोण चूक या वादात मी पडत नाही. एवढेच सांगतो की निवृत्त होताना मिळालेले पीएफ आणि ग्रॅच्युईटीचे वीस-पंचवीस लाख एकाच बँकेत ठेवून कुणी निवांत होऊ नये. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे. मग बँकेवर कुठल्याही गटाचा झेंडा असो.

केनवडच्या वाहकाला खरोखर काही गमवावे लागू शकते अशी एकच जागा मला सापडते, आणि ती युनियनच्या स्वतःच्या निधीत आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियनला आपल्या निधीतून सभासदाला आजारपण, म्हातारपण, मृत्यू यांसाठी मदत देण्याची मुभा दिली. काही संघटना निवृत्तीच्या वेळी सभासदाला ठरावीक रक्कम देतात, सभासद वारला तर कुटुंबाला देतात. चोवीस वर्षे वर्गणी भरून शेवटच्या सहा वर्षांत बाहेर पडले तर ती रक्कम जाऊ शकते. घटनेत काय लिहिले आहे ते वाचा. युनियनची घटना म्हणजे पोथी नव्हे. सभासदाला ती मागता येते. आणि ती रक्कम जर पाच-दहा हजारांची असेल, तर तेवढ्यासाठी सहा वर्षे मान खाली घालायची का, हेही स्वतःला विचारा.

न्यायालयातल्या दाव्यांचेही तसेच. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण पगारावर पेन्शनचा, म्हणजे लोक ज्याला उच्च पेन्शन म्हणतात तिचा, निकाल दिला. पर्याय देण्याची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. स्वतंत्र न्यास असलेल्या आस्थापनांतील कामगारांनाही दार उघडे झाले, पण पुढे न्यासाच्या नियमात वेतनमर्यादा काय लिहिली आहे यावर कितीतरी अर्ज अडले. अर्ज वैयक्तिक आहे. तो भरला असेल तर युनियन बदलल्याने रद्द होत नाही. पण एखादा दावा युनियनच्या नावाने चालू असेल आणि त्याच्या यादीत आपले नाव असेल, तर राजीनाम्याआधी दाव्याचा क्रमांक, वकिलाचे नाव आणि यादीची प्रत हातात घ्यावी. नंतर ती मिळायला त्रास होतो. पुढारी वाईट असतो म्हणून नव्हे. कपाटाची चावी त्याच्याकडे असते म्हणून.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, मग युनियनच कशाला हवी? हा निष्कर्ष सर्वांत घातक. ५,४०० चे ९,००० व्हायचे असतील तर ते एकट्याने होत नाही. आपल्या शेजारच्या बुलडाण्यात ईपीएस ९५ चे पेन्शनर २४ डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषणाला बसले. किमान ७,५०० रुपये पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता ही त्यांची मागणी आहे. सरकारने २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये केली, आणि इतकी वर्षे आंदोलन करूनही त्या म्हाताऱ्या माणसांना हजाराचे साडेसात हजार करून घेता आलेले नाहीत. यात एसटीचे निवृत्त आहेत, साखर कारखान्यांचे आहेत, वीज मंडळाचे, सूतगिरण्यांचे आहेत. नोकरीत असलेल्या कामगारांच्या युनियना त्यांच्या मांडवात किती वेळा गेल्या? माझ्या मते तीच कोणत्याही युनियनची खरी परीक्षा. ज्याची वर्गणी येणे बंद झाले त्याच्यासाठी ती काय करते?

बाबासाहेबांनी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पाहिला होता. कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे. लाल झेंड्याच्या युनियनने हा भेद मोडावा असा त्यांचा आग्रह होता, आणि तिथे त्यांचा भ्रमनिरास झाला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. पण म्हणून युनियन सोडून घरी बसा असे ते म्हणाले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनीच ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्ती आणून मालकांवर युनियनला मान्यता देण्याची सक्ती करायचा प्रयत्न केला. युनियन जात पाळते म्हणून तिच्यावर टीका करायची, आणि तिला कायद्याने बळही द्यायचे. आपल्यातल्या पुष्कळ बांधवांना यातला पहिला भाग पाठ असतो, दुसरा नसतो.

मान्यतेचा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याखाली मान्यता मागायला युनियनकडे मागचे सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असावे लागतात. जास्त सभासद असलेली दुसरी युनियन जुनीच्या जागी मान्यता मागू शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडे, तीच एकटी वाटाघाटी करणार. तेवढे कुणाकडे नसतील तर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी अशी परिषद. एसटीत आज जितक्या संघटना आहेत, जातीच्या, पक्षाच्या, पदांच्या, तितक्यांत ५१ टक्के एका ठिकाणी जमणे अवघड आहे. याचा अर्थ केनवडच्या वाहकाच्या एका राजीनाम्याला पूर्वीपेक्षा जास्त किंमत आली आहे. पुढारी पेन्शनची भीती का दाखवतो, ते इथे कळते. त्याला सभासदांच्या यादीतला आकडा सांभाळायचा आहे.

या बाबतीत इतिहासातला एक धडा विसरू नये. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांनी मनाने युनियन बदलली होती. ते दत्ता सामंतांबरोबर गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली आणि सरकारने व मालकांनी दुसऱ्या कुणाशी बोलायचेच नाकारले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगार गिरणीत परत गेले नाहीत, त्यांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर पुढच्या वर्षांचा पीएफ आणि ग्रॅच्युईटीही. युनियन बदलल्याने त्यांचे नुकसान झाले नाही. नवी युनियन कायद्याच्या टेबलापर्यंत पोहोचली नाही आणि मधल्या काळात नोकरी गेली, त्याने झाले.

म्हणून राजीनामा देणाऱ्याने नव्या युनियनची नोंदणी आहे का, सभासद किती आणि ती मान्यतेचा अर्ज करणार आहे की नुसत्या सभा घेणार, हे विचारावे. जुन्या युनियनचा राजीनामा लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि पगारातून वर्गणी कापली जात असेल तर ती थांबवण्याचे पत्र वेगळे द्यावे. वर्गणीची कपात कामगाराच्या लेखी संमतीनेच होऊ शकते. संमती दिली तशी ती काढूनही घेता येते.

जेवणं झाल्यावर मंडपाबाहेर खुर्च्या ओढून आम्ही त्यांच्या मोबाईलवर यूएएन टाकून सेवेचा तपशील उघडून पाहिला. न्यासवाल्यांना तिथे पीएफचे पासबुक दिसत नाही, पण नोकरीची तारीख, पेन्शनचे सभासदत्व आणि वारसाचे नाव पाहता येते. वारसाच्या जागी काहीच नव्हते. तीस वर्षांकडे निघालेली नोकरी आणि बायकोचे नाव कुठेच नाही. ते गप्प झाले. मग म्हणाले, "पयले हे करतो, भाऊ. राजीनाम्याचं पाहू मंग."

संपाचे किती दिवस बिनअंशदानाचे पडले हे काही मोबाईलवर कळेना. भविष्य निर्वाह निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात शिबिर घेते. वाशिमच्या शिबिरात सेवापुस्तकाच्या झेरॉक्स घेऊन जायचे ठरले. २७ ला त्यांची ड्युटी आहे. रजेचा अर्ज उद्याच टाकतो म्हणाले. राजीनामा अजून खिशातच आहे.